चेंबर सात ते चेंबर आठ

यंत्रचालक माझ्याकडे पायी चालत आला, तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे मला कळायला हवे होते. खोदयंत्राचा चालक कामाच्या वेळेत सहसा खाली उतरत नाही. काही सांगायचे असले तर तो भोंगा वाजवतो, नाहीतर केबिनच्या खिडकीतून हात हलवतो. हा गृहस्थ मात्र मातीच्या ढिगांना वळसे घालत शंभरेक पावले आला आणि मी उभी होते त्या चराच्या काठावर, डोक्यावरचे हेल्मेट काढून, उभा राहिला.

"मॅडम, जरा येता का तिकडे?"

"जुना पाइप लागला?" मी खालूनच विचारले. माझ्या हातात कॅमेरा होता आणि मातीच्या थरांवर ऊन पडण्याआधी मला फोटो उरकायचे होते.

"पाइप नाही लागला. पाइप तिथं नाहीच आहे." त्याने मागे यंत्राकडे पाहिले. "तुम्ही याच."

चार महिने मी हा आवाज ऐकत होते. दिवसातून दहा वेळा माझी फिरकी घेणारा आवाज. 'थांबाबाई' हे माझे नाव त्यानेच पाडले होते आणि ते साऱ्या कामगारांच्या तोंडी बसले होते. त्यात खोटे काही नव्हते. शहराची मैलापाण्याची जुनी वाहिनी काढून तिच्या जागी मोठी वाहिनी घालण्याचे काम चालू होते, आणि जिथे जमीन उघडी पडेल तिथे उभे राहून पाहणे, एवढीच माझी नोकरी होती. यंत्राने वीतभर माती काढायची, मी पाहायचे, मान हलवायची, मग पुढची वीत. काही वेगळे दिसले की हात वर करून 'थांबा' म्हणायचे. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीची ती अटच होती. चार महिन्यांत मी शंभरेक वेळा तरी 'थांबा' म्हटले असेन, आणि बहुतेक वेळा निघाले ते काय? बाटल्यांच्या काचा, कुत्र्याचे हाड, एकदा एका पायातली चप्पल. "थांबाबाईंना आज राजाची चप्पल सापडली," असे त्याने जेवणाच्या सुट्टीत सर्वांना गंभीर चेहऱ्याने सांगितले होते.

आज त्याचा चेहरा तसाच गंभीर होता, पण त्याच्याआड हसू नव्हते.

त्याच्यामागून चालताना मी मनात नकाशा उलगडत होते. चेंबर सात ते चेंबर आठ, अंतर चाळीस मीटर. या टप्प्यावर मी उभी नव्हते, कारण तिथे उभे राहण्याची गरज नाही असे मीच आदल्या दिवशी लिहून दिले होते. आमच्या कामात 'हललेली जमीन' म्हणून एक शेरा असतो. पूर्वी कधी पाइप घालण्यासाठी चर खणला असेल, तर तिथले जुने थर तेव्हाच उलटेपालटे झालेले असतात. पाहण्यासारखे काही उरत नाही. तसा फॉर्म भरून दिला की यंत्राला सपाट धारेच्या बकेटऐवजी दातांची बकेट लावता येते आणि एका दमात खोल जाता येते.

साइट इंजिनिअरने विचारले होते, "मॅडम, सात ते आठ सोडता येईल का? जुनी लाइन तिथूनच आहे, आणि चेंबर ते चेंबर लाइन सरळच असते."

मी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या दोन अक्षरांवर बोट ठेवले होते. ती आद्याक्षरे माझ्या वडिलांची होती. चाळीस वर्षांपूर्वी ही वाहिनी घातली गेली तेव्हा बाबा त्या कामावर ओव्हरसियर होते. "हा नकाशा माझ्या वडिलांच्या हातचा आहे," मी म्हणाले होते. "यात बोटभरही फरक निघणार नाही." हे बोलताना मला अभिमान वाटला होता, हे मला आजही लख्ख आठवते. मग मी सही केली.

चर चेंबर सातपासून बारा मीटरपर्यंत गेला होता. यंत्र बंद होते. बकेट हवेत तशीच लटकलेली होती, आणि तिच्या दोन दातांच्या मध्ये काहीतरी पांढरट अडकले होते. मी तिकडे पाहिले नाही. मी शिडी लावून चरात उतरले.

माती घट्ट होती. पिवळी, कोरडी, कधीही कोणी न हलवलेली. हे कळायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. आणि त्या पिवळ्या भिंतीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, काळसर मातीचा एक लहानसा चौकोन होता. त्यावर सपाट दगड. दगडाखाली अर्धे शरीर. अर्धेच, कारण उरलेले अर्धे यंत्राने नेले होते. कुशीवर झोपवलेले, गुडघे पोटाशी घेतलेले मूल. कवटीचा जबडा उघडा पडला होता. त्यात दुधाचे दात होते, आणि त्यांच्या मुळाशी, हाडाच्या आत, पुढे येणार असलेले दात वाट पाहत बसलेले होते. चार वर्षांचे असेल. फार तर पाच.

मी उजवीकडे पाहिले. आणखी एक चौकोन. समोरच्या भिंतीत दोन. त्यापलीकडे एक दगड नुसताच बाहेर आलेला, खाली पोकळी. पाच. आणि हे फक्त भिंतीत उरलेले. चराच्या बरोबर मधोमध जे असतील ते आता कुठे होते, हे मला ठाऊक होते.

मी खाली बसले. या नोकरीआधी आठ वर्षे मी मुलांना वर्गात शिकवले होते की, सांगाडा दिसला की आधी श्वास घ्यायचा आणि मग मोजपट्टी. मला श्वास घेता येत नव्हता. चराच्या तोंडाशी चालकाचे बूट दिसत होते.

"माती बकेटचे दात खात होती, मॅडम," तो वरून बोलत होता. मला नव्हे, स्वतःलाच सांगत असावा. "हललेली माती अशी घट्ट लागत नाही. मी साहेबांना फोन केला, म्हटलं, इथं कोणी खणलेलं वाटत नाही. साहेब म्हणाले, बाईंनी लिहून दिलंय, तू चालू ठेव. मला आधी मुळ्या वाटल्या. पांढऱ्या मुळ्या असतात ना, तशा. पाच-सहा बकेटी मी तशाच भरल्या."

"तुमची चूक नाही."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "तेवढ्यानं काय होतंय?"

साइट इंजिनिअर दहा मिनिटांत आला. तिशीचा, कष्टाळू मुलगा. मला त्याच्याविषयी वाईट लिहिता येणार नाही. त्याने चरात डोकावून पाहिले, तोंडावर हात धरला आणि पाठ फिरवली. मागे चेंबर सातवर लावलेला पंप धडधडत होता. जुनी वाहिनी खचल्यामुळे सात क्रमांकापाशी बूच मारून मैलापाणी पंपाने पुढे टाकले जात होते.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हा पंप दोनदा बंद पडलाय या आठवड्यात. बंद पडला की वीस मिनिटांत खालच्या घरांच्या संडासांतून मैला वर येतो. काल मी स्वतः एका घरातली फरशी धुऊन दिली. त्या घरात तान्हं बाळ आहे. काम थांबलं तर महिने जातील."

"मला कळतंय."

"तुमचा फॉर्म आहेच. हललेली जमीन. हललेल्या जमिनीत सुटी हाडं मिळतातच, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. तेवढीच एक ओळ खाली लिहा. नवीन काहीच लिहायला नको." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "मी जबरदस्ती नाही करत. उद्या सकाळी आठला काम सुरू होईल. तोवर फॉर्म मागे घ्यायचा असेल तर घ्या. नाही घेतलात, तर मी धरून चालेन की तो आहे तसा आहे."

"तुम्ही धरून चाला," चालक म्हणाला, "पण मी काही त्या खुर्चीत बसणार नाही." त्याने यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली.

मी त्याच वेळी खात्याला फोन करायला हवा होता. फोन माझ्या हातात होता. फॉर्म मागे घ्यायचा तर कारण द्यावे लागते, आणि कारण एकच होते : नकाशा खोटा आहे. बाबांनी जिथे पाइप दाखवला, तिथे तो कधी नव्हताच. ज्यांच्या वाहिन्या गळत नाहीत अशी ज्यांची ख्याती, ज्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे आज विभागात वरच्या खुर्च्यांवर आहेत, त्या माणसाने न घातलेला पाइप कागदावर घातला होता. आणि त्या कागदाच्या भरवशावर त्याच्या मुलीने जागेवर न जाता सही केली होती. चार महिने येताजाता हात वर करणाऱ्या माझा हात नेमका त्या घटकेला उचलेना.

फोनऐवजी मी मातीच्या ढिगाकडे गेले. निदान जे दिसेल ते वेचून ठेवावे, एवढाच विचार होता. ढिगाच्या पायथ्याशी एक वाटी पडलेली होती. मातीची, अर्धी फुटलेली, तांबूस काळ्या रंगाची. अशा वाट्या मुलांच्या डोक्याशी ठेवत असावेत. मी ती उचलली, आणि माझा अंगठा आपोआप तिच्या काठावरच्या एका खळग्यात जाऊन बसला. वाटी ओली असताना कुणीतरी काठ अंगठ्याने दाबून केलेली, ओतण्यासाठीची लहानशी चोच.

माझ्या अंगठ्याला तो खळगा माहीत होता. डोळ्यांना आठवण्याआधी अंगठ्याने ओळखले होते. आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या खिडकीत, बाबांच्या पितळी नट-वायसरांची एक वाटी असते. मी पाच वर्षांची असल्यापासून ती तिथे आहे. शेजारच्या कोणाचा नळ गळू लागला की बाबा ती वाटी घेऊन निघतात. मी किती वेळा ती त्यांच्या हातात नेऊन दिली होती, नेहमी त्याच खळग्यात अंगठा घालून. दोन पदव्या घेऊन, जगभरच्या खापरांचे तक्ते पाठ करून मी त्या घरात परत आले होते, आणि त्या वाटीकडे एकदाही पाहिले नव्हते. घरातल्या वस्तूकडे कोण पाहते?

मी घरी पोहोचले तेव्हा चार वाजले होते. बाबा खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या नळाची मूठ खोलत होते. वाटी त्यांच्या मांडीजवळ होती.

"आज लवकर?" चष्म्यावरून पाहत ते म्हणाले. "काढलं वाटतं कामावरून?"

मी पिशवीतून फुटकी वाटी काढली आणि त्यांच्या वाटीशेजारी ठेवली. दोन्हींच्या काठांवर तीच चोच होती.

बाबांनी पक्कड खाली ठेवली. पुढच्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, त्याची मी वाटेत काहीच तयारी केली नव्हती. मला वाटले होते की ते घाबरतील, नाकारतील, निदान ओशाळतील. त्यांचा चेहरा उजळला.

"सापडली?" ते म्हणाले. "सापडली तुला? अगं, मला वाटलं मी मरेन आणि ती तशीच राहतील. किती वेळा मनात आलं की तुझ्याच खात्याचं काम आहे, सांगावं. जीभ उचलत नव्हती. बरं झालं. तुझ्याच हाताला लागली, फार बरं झालं." त्यांनी माझा हात धरला. "सगळी आहेत ना? सतरा?"

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"सतरा होती," ते उत्साहाने सांगू लागले. "चेंबर सातजवळ खड्डा घेतला, तर कमरेएवढं खणल्यावर फावड्याला लागून ही वाटी वर आली. आम्ही तिघंच होतो तिथं. ते दोघं आता नाहीत. खाली पाहिलं तर एवढंसं मूल. मग मी सळई घेऊन सगळी जागा टोचत गेलो. एकाच खोलीवर दगड वाजत होते. सतरा दगड. दोन रांगा. सातपासून चार मीटरवर पहिला, तिथून तेवीस मीटरपर्यंत. मी कोणालाही हात लावू दिला नाही. सहा मीटर बाजूनं लाइन फिरवली, वळणांवर दोन जादा चेंबर बांधली, त्यांची झाकणं मातीखाली गाडली."

"म्हणून त्या लाइनीवर तुंबलेलं काढायच्या सळ्या अडकायच्या," मी म्हणाले. माझा आवाज मला कोणा दुसऱ्याचा वाटला. त्या टप्प्यावर तुंबले की बाबा सुट्टीच्या दिवशीही स्वतः जात. आई चिडायची, ती लाइन माझी सवत आहे का म्हणून.

"वळणावर अडकायच्या. दुसऱ्या कोणाला कळलं असतं, म्हणून मी जायचो."

"कोणाला सांगितलं का नाहीत?"

"वरच्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक तर 'गोळा करा आणि टाका' म्हणाले असते, नाहीतर वर्षभर काम बंद. त्या वर्षी खालच्या वस्तीत अकरा लेकरं जुलाबानं गेली होती, पोरी. गटाराचं पाणी नळात शिरत होतं. मला काम थांबवायचं नव्हतं आणि यांना उचकायचं नव्हतं." त्यांनी वाटीतली दोन वायसरे बोटांनी सारली. "हिला मी परत ठेवायला गेलो होतो. पण त्याच्या डोक्याशी हात न्यायचं धाडस झालं नाही. घरी आणली. रिकामी ठेवली असती तर तू विचारलं असतंस, म्हणून हिच्यात वायसरं टाकली."

"आणि नकाशा?"

"नकाशा सरळच काढला. मंजूर नकाशा सरळ होता. वाकडा काढायचा तर का वाकवली ते लिहावं लागतं. शिवाय मी म्हटलं, कागदावर पाइप दिसला म्हणजे तिथं पुन्हा कोणी खणणार नाही. पाइप आहे म्हटल्यावर कोण खणतं? पाइपच त्यांची राखण करील." ते हसले. चाळीस वर्षे मनात ठेवलेली युक्ती सांगून टाकल्यावर माणसाने हसावे तसे. मग त्यांचे लक्ष फुटक्या वाटीच्या कडेकडे गेले. कड ताजी होती, आतून लालभडक.

"ही आजच फुटली," ते म्हणाले.

"हो."

"कशानं?"

"यंत्रानं, बाबा. दातांची बकेट होती. मी तिथं नव्हते. बारा मीटरपर्यंत खणून झालंय."

त्यांनी माझा हात सोडला.

"तू तिथं नव्हतीस? तू तर वीत वीत..." त्यांनी फुटकी वाटी उचलली. "नकाशा नाही का पाहिलास?"

"नकाशाच पाहिला."

बाबांनी खोललेल्या नळाच्या मुठीकडे पाहिले, ती उचलली, परत ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ते भिंतीकडे अशा नजरेने पाहत होते, जणू कोणी त्यांना एखादे मोठे गणित सांगितले आहे आणि ते सुटत नाही.

"बारा मीटर," ते पुटपुटले. "चारवर पहिला. दोन रांगा... सात गेली. निदान सात." मग अचानक, जवळजवळ ओरडून : "मग दहा आहेत! दहा अजून आहेत तिथं. उद्या काय करणार आहेत?"

"आठ वाजता पुढं खणतील. मी फॉर्म मागे घेतला नाही तर."

"मग घे ना मागे!"

"कारण लिहावं लागेल."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना समजायला वेळ लागला, कारण असा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आणि तो माझ्या डोक्यात दुपारपासून होता, याची मला त्या क्षणी जी लाज वाटली, ती मी कोणाला सांगू शकत नाही.

"नकाशा दे," ते म्हणाले. "तुझ्याजवळ प्रत आहे ना? आण. आणि माझी पेन्सिल."

त्यांनी ओट्यावरच कागद पसरला. सरळ रेघेवर त्यांनी बारीक फुल्या मारल्या, जशा ओव्हरसियर रद्द कामावर मारतात. मग सहा मीटर बाजूने दोन वळणांची नवी रेघ काढली, गाडलेली चेंबरे दाखवली, आणि जुन्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सतरा ठिपके दिले. खाली लिहिले : 'मूळ नकाशा मी जाणून चुकीचा काढला. प्रत्यक्ष स्थिती वरीलप्रमाणे.' पूर्ण नावाची सही केली. तारीख आजची घातली.

"आता फोन कर," ते म्हणाले.

मी बाबांसमोरच फोन केला. खात्यातल्या अधिकारी बाईंनी मला मध्ये एकदाही तोडले नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची निरीक्षणाची परवानगी चौकशी होईपर्यंत स्थगित समजा. नवे निरीक्षक उद्या दुपारी येतील. चराला कोणीही हात लावायचा नाही. ढीग मात्र उघड्यावर ठेवू नका, चाळून घ्या." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमचे वडील कसे आहेत?"

सकाळी निघताना बाबांनी वायसरे वाटीतून पॅंटच्या खिशात ओतली, वाटी धुतली, पुसली, आणि रुमालात बांधून घेतली.

चालक आमच्या आधी आला होता. यंत्राच्या साखळीच्या चाकावर बसला होता, किल्ली अजून खिशातच. बाबांना पाहून तो उठला. "काका, सांभाळून, माती भुसभुशीत आहे," म्हणत त्याने त्यांचा दंड धरला आणि चराच्या काठापर्यंत आणले.

बाबांनी खाली पाहिले. मी त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले होते, तरी पाहिले. त्यांच्या तोंडून एक लहानसा आवाज आला; ठेच लागल्यावर येतो तसा. मग ते वळले, चेंबर सातच्या झाकणावर टाच ठेवली, आणि मीटरची टेप मागितली. पुढचा अर्धा तास ते फक्त आकडे बोलत होते. चालकाने टेपचे टोक धरले, मी खुंट्या ठोकल्या. दहा खुंट्या. एका खुंटीपाशी मला वाटले की ती हातभर चुकली आहे. मी तसे म्हणाले. "नाही," बाबा म्हणाले, "हा जरा बाहेर आहे. रांगेत नाही. सगळ्यात लहान दगड त्याचाच."

साइट इंजिनिअर आठला आला. मी त्याला मागे घेतलेला फॉर्म दिला, बाबांनी नकाशा दिला. तो वाचता वाचता चर आणि कागद यांच्याकडे आळीपाळीने पाहत होता.

"म्हणजे लाइन तिकडून आहे? त्या कुंपणाखालून?" त्याचा विश्वास बसत नव्हता. "चाळीस वर्षं आमची माणसं त्या लाइनीला शिव्या घालताहेत."

"मला घालायच्या होत्या," बाबा म्हणाले. "तिकडूनच न्या तुमचा नवा पाइप. ती जमीन खरंच हललेली आहे. मी हलवलीय."

"आज माझा नाइलाज आहे," इंजिनिअर हळूच म्हणाला. "नवे निरीक्षक आल्याशिवाय काहीच खणता येणार नाही. पण तोवर दुसरा पंप तरी मागवतो." तो फोन कानाला लावत चेंबर सातकडे गेला. थोडे अंतर गेल्यावर थांबून त्याने मागे पाहिले आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "नाही, आजच हवा. खाली बाळ आहे."

बाबांनी रुमाल सोडला. वाटी त्यांच्या तळहातावर होती.

"ही पहिल्याची," ते मला म्हणाले. "सातपासून चार मीटर, डावी रांग. त्याच्याजवळ ठेवायची. की तुमच्या खात्यात नंबर द्यावा लागतो?"

"नंबर द्यावा लागतो. कुठे सापडली ते लिहून."

"मग लिही. सातपासून चार मीटर."

चालकाने न सांगताच टेप धरली आणि मोजले. चार मीटरवर त्याचे बोट थांबले. बोटाखाली जमीन नव्हती. चराच्या मधोमध, दोन मीटर खोल, मोकळी हवा होती. तिथून यंत्राने सुरुवात केली होती.

आम्ही तिघेही त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभे राहिलो. बाबांनी वाटी एकदा त्या दिशेला पुढे केली, जणू खाली कोणी हात पसरून घेणार आहे. मग ती छातीशी घेतली.

"कुठं आहे तो?" त्यांनी विचारले.

मी ढिगाकडे बोट दाखवले. ढीग माझ्या डोक्याएवढा उंच होता.

चालक गाडीतून माझी मोठी चाळणी घेऊन आला. ती धरायला दोन माणसे लागतात. मी एक बाजू धरली. तो दुसरी धरायला पुढे झाला, पण बाबांनी वाटी रुमालात गुंडाळून चेंबरच्या झाकणावर ठेवली होती आणि ती बाजू आधीच हातात घेतली होती. चालकाने मग फावडे उचलले. यंत्र सोडून हाताने माती उचलताना मी त्याला प्रथमच पाहत होते. पहिले फावडे त्याने इतके थोडे भरले, की माती चाळणीत पडल्याचा आवाजही आला नाही.

"हलवा," मी म्हणाले.

आम्ही चाळणी हलवली. माती खाली पडत गेली, खडे जाळीवर नाचू लागले, आणि प्रत्येक हिसक्याला बाबांच्या खिशातली पितळी वायसरे वाजत राहिली. तिसऱ्या हिसक्याला जाळीवर नखाएवढे काहीतरी पांढरे उरले.

"थांबा," बाबा म्हणाले.